कबुलीचा सौदा आणि न्यायाचा महजर

आरोपी आपल्या तोंडाने गुन्हा कबूल करितो, न्यायालय तो शाबीत धरिते, आणि तरीही फिर्यादी हात हलवीत घरी परततो, अशी समजूत आज लोकांत बळावत चालली आहे. तिच्याकडे कानाडोळा करणे शहाणपणाचे नाही. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात एका भरधाव मोटारीने दोन तरुण जीवांचा बळी घेतला, आणि अल्पवयीन चालकास काही तासांतच तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला. त्या वेळी उसळलेला क्षोभ वाचकांच्या स्मरणात असेलच. जामीन म्हणजे शिक्षा नव्हे, तो हुकूम बाल न्याय मंडळाचा होता, आणि पुढे तो बदललाही. हे सारे भेद कायदा जाणणारास ठाऊक आहेत. परंतु लोकांनी त्या निबंधात वाचले ते एवढेच की, न्यायाच्या तराजूत गेलेल्या प्राणाचे वजन फार थोडे भरते. या संतापाचे मूळ शोधू गेल्यास फौजदारी कायद्यातील एका प्रकरणाकडे वळावे लागते. लोक त्याविषयी पुष्कळ बोलतात, पण ते वाचलेले फारसे कोणी दिसत नाही. ते प्रकरण म्हणजे ‘प्ली बार्गेनिंग’, अर्थात अपराधकबुलीची तडजोड.

ही तडजोड आपल्या कायद्याच्या पुस्तकात ५ जुलै २००६ रोजी अंमलात आली. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली, तेव्हा ती तिच्या तेविसाव्या प्रकरणात आली. सात वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र अशा गुन्ह्याचा आरोपी, आरोपनिश्चितीपासून तीस दिवसांच्या आत, स्वेच्छेचे प्रतिज्ञापत्र जोडून न्यायालयाकडे अर्ज करू शकतो. न्यायाधीशाने त्यास एकांतात विचारून, त्याच्यावर दडपण नाही याची खात्री करून घ्यावयाची. मग सरकारी वकील, तपास करणारा पोलीस अंमलदार, आरोपी आणि पीडित यांनी साठ दिवसांच्या आत सर्वांस मान्य असा तोडगा काढावयाचा. पीडितास भरपाई मिळते आणि आरोपीची शिक्षा घटते. स्त्रिया व बालके यांच्याविरुद्धचे, तसेच देशाच्या सामाजिक व आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे गुन्हे यांतून वगळले आहेत. झालेल्या निकालावर अपील नाही. केवळ सर्वोच्च न्यायालयाची विशेष परवानगी किंवा उच्च न्यायालयातील रिट, एवढीच वाट उरते.

कायदा होण्यापूर्वी असे सौदे होत नव्हते असे मात्र कोणी समजू नये. ते होत होते, पण चोरून. १९७६ साली महाराष्ट्रातील अन्नभेसळीचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. त्यात आरोपींनी गुन्हा कबूल केला होता आणि खालच्या न्यायालयाने त्यांना सौम्य शिक्षेवर सोडले होते. उच्च न्यायालयाने ती वाढविली, व ती वाढ सर्वोच्च न्यायालयात कायम राहिली. अशा आतल्या व्यवस्थेने दूर उभ्या असलेल्या मुक्या समाजाखेरीज इतर सर्वांची सोय होते, अशा आशयाचे खडे बोल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या प्रसंगी सुनावले. १९८० साली गुजरातेतील खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी दुसरे अंग दाखविले: खटल्याच्या त्रासास कंटाळून निरपराध मनुष्यही गुन्हा कबूल करील, हे भय त्यांनी बोलून दाखविले. तथापि १९९१ व १९९६ च्या आपल्या अहवालांत विधि आयोगाने, आणि २००३ साली मलिमठ समितीने, तुंबलेल्या खटल्यांवर उपाय म्हणून या पद्धतीची शिफारस केली. त्यातून आजचा कायदा जन्मास आला.

आता लोकांच्या तक्रारीत तथ्य किती, हे हिशेबानेच पाहू. बेदरकारपणे वाहन चालवून कोणाचा जीव घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ अन्वये पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. कबुलीची तडजोड झाल्यास ती एक-चतुर्थांशावर, म्हणजे पंधरा महिन्यांवर आणता येते. पूर्वी शिक्षा न झालेल्या आरोपीस नव्या कायद्याने आणखी सवलत देऊन तो भाग एक-षष्ठांश केला आहे, म्हणजे उरले दहा महिने. शिवाय चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तुरुंगात न पाठविता सोडण्याचा मार्गही न्यायालयास मोकळा आहे. ज्या घरातील कर्ता पुरुष रस्त्यावर चिरडला गेला, त्या घरास हा हिशेब कसा वाटत असेल, हे सांगण्याची जरुरी नाही.

यातही खरी मेख निराळ्याच ठिकाणी आहे. त्याच घटनेस पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लाविले, तर गुन्हा सात वर्षांच्या मर्यादेबाहेर जातो आणि तडजोडीचे दार बंद होते. कलम १०६ लाविले की तेच दार उघडते. म्हणजे न्यायालयात अर्ज पडण्याच्या कितीतरी आधी, पोलीस ठाण्यातील टेबलावर कोणते कलम लिहिले गेले, यावरच सौद्याचे भवितव्य पुष्कळसे ठरून जाते. आरोप निश्चित करणे न्यायाधीशाच्या हाती असते हे खरे; पण त्याच्यापुढे येणारा पुरावा गोळा करणारे हात ठाण्यातलेच असतात. न्यायाधीशास दोष देणाऱ्या लोकांनी आपली दृष्टी थोडी मागे वळवून तेथेही पाहावे.

इतके म्हटल्यावर, ‘मग ही तडजोडच रद्द करा’ असा सल्ला आम्ही देऊ, अशी कित्येकांची अपेक्षा असेल. आम्ही तो देत नाही. आज देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत तीन कोटींहून अधिक फौजदारी खटले पडून आहेत. पंधरा वर्षांनी साक्षीदार फितूर होऊन आरोपी निर्दोष सुटण्यापेक्षा वर्षाच्या आत निश्चित शिक्षा आणि हाती पडणारी भरपाई हीच पुष्कळ विधवांना हवी असते, व तसे वाटण्यात त्यांची काहीएक चूक नाही. दया हा काही न्यायाचा शत्रू नव्हे. आमचा आक्षेप आहे तो दयेच्या वाटपावर.

कारण या नाण्याची दुसरी बाजू तुरुंगाच्या भिंतीआड आहे. २०२२ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून ठरलाच नव्हता असे. त्यांतील जामिनापुरते पैसे नसलेल्या मजुरास कोणी सांगितले की, ‘कबूल कर, भोगलेली कैद वजा होईल, उद्या घरी जाशील’, तर तो निरपराध असूनही काय उत्तर देईल? श्रीमंत आरोपी सौदा करितो तो तुरुंग टाळण्यासाठी. गरीब करितो तो तुरुंगातून सुटण्यासाठी. एकाला कबुलीने सवलत मिळते, दुसऱ्याच्या कपाळी जन्माचा डाग लागतो आणि पुढे नोकरीच्या दारातून तो परत फिरविला जातो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची म्हण आपल्याकडे जुनी आहे. या नव्या प्रकरणात ती खरी ठरू नये, एवढेच आमचे म्हणणे. हे भय काल्पनिकही नव्हे. ज्या अमेरिकेत ही पद्धती वाढली, तेथील सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ साली नमूद केले की, संघराज्याच्या न्यायालयांतील सत्त्याण्णव टक्के व राज्यांच्या न्यायालयांतील चौऱ्याण्णव टक्के दोषसिद्धी कबुलीतून होतात. तेथे खटला चालणे हाच अपवाद झाला आहे. आपल्याकडे या प्रकरणाचा उपयोग अद्याप फारच थोडा होतो, म्हणूनच वळण लावण्याची वेळ हीच आहे.

तडजोड म्हणजे परक्यांची आयात, असा कांगावा आम्ही करणार नाही. वादी-प्रतिवादींनी पंचांचा निर्णय मानण्याचा राजीनामा लिहून द्यावा, जिंकणाराने हरकी व हरणाराने गुन्हेगारी भरावी, ही मराठेशाहीतील चाल जुन्या दप्तरांत जागोजाग दिसते. त्या काळची न्यायपद्धती निर्दोष होती असे नव्हे. जातीचा व वजनाचा पगडा तीवर होताच, आणि तो आम्हांस परत नको आहे. पण तिच्यातील एक गोष्ट घेण्याजोगी होती. निवाड्याचा महजर होई, आणि सभेस कोण बसले होते, त्यांची नावे त्यावर लागत. काय ठरले, कोणासमोर ठरले, हे पुढच्या पिढीसही वाचता येई. आजच्या कबुलीच्या सौद्यास नेमका हा महजर हवा आहे.

तो कसा मिळेल? निकाल खुल्या न्यायालयात द्यावा असे कायदा सांगतोच. त्यापुढे जाऊन शिक्षा इतकीच का, याची कारणे प्रत्येक निकालात मराठीतून, फिर्यादीस समजतील अशा भाषेत लिहिली जावीत. जिल्हा न्यायालयाची भाषा मराठी असता यात अडचण कसली? दुसरे, वाटाघाटीस बसणाऱ्या पीडितास विधिसेवा प्राधिकरणाकडून वकील मिळाल्यावाचून बैठकच होऊ नये. आरोपीजवळ वकील आणि विधवेजवळ केवळ अश्रू, या तराजूत तडजोड समतोल होणे शक्य नाही. तिसरे, कच्च्या कैद्याच्या अर्जावर विचार करण्यापूर्वी त्याच्या जामिनाचा विचार व्हावा, म्हणजे त्याची कबुली ही सुटकेची किंमत राहणार नाही. चौथे, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या कलमाखाली, किती तडजोडी झाल्या व काय शिक्षा झाली, याचा तक्ता दर तिमाहीस प्रसिद्ध व्हावा. शेवटचे काम विधिमंडळांचे आहे: मनुष्याचा जीव गेला असेल तेथे आरोपीस तुरुंगाबाहेर सोडण्याची आणि एक-षष्ठांशाची सवलत ठेवावी की काय, याचा फेरविचार व्हावा.

परकी अंमलात न्यायालय सरकारचे होते आणि लोक त्याच्या दाराशी अर्जदार म्हणून उभे राहत. प्रजासत्ताकात न्यायालय लोकांचे आहे. म्हणून लोकांच्या वतीने जी सूट दिली जाते, तिचा जाब विचारण्याचा अधिकारही लोकांचाच आहे. तो जाब त्यांनी रस्त्यावर दगड उचलून विचारू नये, आणि घरात बसून हळहळतही विचारू नये. आपल्या तालुक्याच्या न्यायालयात गेल्या वर्षी किती तडजोडी झाल्या, हे वकीलसंघांनी, नगरपालिकांच्या सभासदांनी व आमदारांनी उघडपणे विचारावयास लागावे. ज्या दिवशी त्या प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळेल, त्या दिवशी निम्मा संताप निवेल, आणि उरलेल्या निम्म्यास निदान योग्य दिशा तरी मिळेल.