आधी वार, मागून विचार

युद्ध सुरू करणारा कोणीही ‘मी युद्ध सुरू केले’ असे म्हणत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या, तेव्हा त्यांच्या अध्यक्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील स्वसंरक्षणाच्याच कलमाचा आधार घेतला. १३ जून २०२५ रोजी इस्राएलने इराणवर हल्ला चढविला तो इराणच्या हाती अणुबाँब पडण्याआधीच त्यास रोखावयाचे म्हणून. आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस अमेरिकेच्या विमानांनी फोर्दो, नतान्झ व इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बाँब टाकले. शब्द निरनिराळे, पण युक्तिवाद एकच : शत्रू उद्या मारणार आहे, सबब आम्ही आज मारतो.

हा युक्तिवाद हसून सोडून देण्याजोगा नाही. तो तपासून पाहिला पाहिजे. आणि त्याबरोबरच त्याच्या पोटात दडलेला दुसरा प्रश्नही विचारला पाहिजे. असे युद्ध चालू असता आपल्या नावाने जी कृत्ये होतात, त्यांचा जाब कोणी द्यावयाचा? या दोन्ही प्रश्नांच्या परीक्षेस २००३ सालच्या इराक-युद्धाइतके उघडे उदाहरण दुसरे नाही. कारण त्याचे बहुतेक कागदपत्र आज जगापुढे आले आहेत.

प्रथम जुना नियम काय होता ते पाहू. १८३७ सालच्या डिसेंबरात कॅनडातील बंडखोरांना रसद पुरविणारी ‘कॅरोलिन’ नावाची आगबोट ब्रिटिश तुकडीने रात्री नायगारा नदीच्या अमेरिकन काठावर जाऊन पेटविली आणि धबधब्याच्या दिशेने सोडून दिली. त्यावरून झालेल्या पत्रव्यवहारात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टर यांनी एक कसोटी घालून दिली. आधी वार करणाऱ्याने असे दाखवून दिले पाहिजे की संकट तोंडावर येऊन ठेपले होते, दुसरा उपाय उरला नव्हता, आणि विचार करावयास क्षणाचीही सवड नव्हती. उगारलेली तलवार मानेवर पडेपर्यंत कोणी थांबावे असे ही कसोटी म्हणत नाही. ती एवढेच विचारते की तलवार खरोखरीच उगारलेली होती काय?

१९४५ च्या सनदेने हा अधिकार आणखी आवळून, सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षण, अशा शब्दांत बांधला. १९४६ साली न्यूरेंबर्गच्या न्यायासनापुढे जर्मन आरोपींनी, नॉर्वेवरील आमची स्वारी ही इंग्लंडच्या संभाव्य स्वारीला दिलेला आगाऊ शह होता, असा बचाव केला. न्यायाधीशांनी तो कॅरोलिनच्या कसोटीवर घासून पाहिला आणि खोटा ठरविला. जून १९८१ मध्ये इस्राएलने बगदादजवळील ओसिराक अणुभट्टी बाँबने उडविली, तेव्हा सुरक्षा समितीने एकमताने निषेध केला. अमेरिकेचेही मत त्यात होते. म्हणजे नियम सर्वांना ठाऊक होता, आणि तो मोडणारालाही आपण तो मोडतो आहोत हे ठाऊक होते.

२००२ साली अमेरिकेने हा नियमच उलटा फिरविला. जूनमध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात अध्यक्ष बुश यांनी भाषण केले, आणि सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय धोरणात ते लेखी आले. धोका पुरता आकारास येण्याची वाट न पाहता त्यावर घाव घालण्याचा हक्क तेथे सांगितला गेला. वरवर पाहता फरक थोडा वाटतो, पण तो मूळचाच आहे. शेजाऱ्याने तलवार उगारली असता त्याचा हात धरणे निराळे, आणि शेजारी कधीतरी तलवार विकत घेईल म्हणून त्याचे घर जाळणे निराळे. पहिल्यात पुरावा डोळ्यांपुढे असतो. दुसऱ्यात पुराव्याची जागा भय घेते, आणि भयाला पुरावा लागत नाही. शस्त्रे सापडली तर भय खरे. न सापडली तर ती दडविली असणार, म्हणून भय दुप्पट खरे!

तसेच घडले. ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा समितीपुढे चित्रे व ध्वनिमुद्रणे मांडली. हान्स ब्लिक्स यांचे निरीक्षक इराकमध्ये काम करीत होते आणि आणखी काही महिने मागत होते. ते त्यांना मिळाले नाहीत. २० मार्च रोजी युद्ध सुरू झाले. ज्या शस्त्रसाठ्यांसाठी ते झाले ते सापडले नाहीत. अमेरिकेच्याच शोधपथकाने २००४ साली तसा अहवाल दिला. इंग्लंडमध्ये चिलकॉट यांच्या समितीने जुलै २०१६ मध्ये निर्णय दिला की शांततेचे मार्ग संपण्याआधीच इंग्लंड युद्धात उतरले.

दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे. सद्दाम हुसेन हा कोणी साधुपुरुष नव्हता. १९८० साली इराणवर आणि १९९० साली कुवेतवर त्याने आपण होऊन स्वारी केली; १९८८ साली हलब्जा गावातील कुर्दांवर विषारी वायू सोडला. शिवाय अणुबाँबच्या युगात पहिला घाव हाच शेवटचा ठरू शकतो, तेव्हा क्षणाचीही सवड नसेपर्यंत थांबा हा सल्ला आत्मघाताचा आहे, असे म्हणणारे लोकही सारेच कारस्थानी नसतात. त्यांस उत्तर एवढेच की कसोटी वार करण्यास बंदी करीत नाही, ती पुरावा मागते. आणि आरोप करणारा, न्याय देणारा व फाशी देणारा हे तिघे एकच असू नयेत असे म्हणते. ज्याला चूक होण्याचा संभव आहे त्याने तर हात अधिकच आवरून धरला पाहिजे. प्रत्यक्षात उलट होते, आणि माझ्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे. संशयावरून जो देशावर वार करतो, तो संशयावरूनच माणसालाही टांगतो. एका तर्काची ही दोन टोके आहेत.

बगदादच्या पश्चिमेचा अबू घ्रैब तुरुंग हा सद्दामच्या काळी छळासाठी कुप्रसिद्ध होता. मुक्तिदाते म्हणून आलेल्यांनी तोच तुरुंग वापरावयास घेतला. २८ एप्रिल २००४ रोजी तेथील छायाचित्रे अमेरिकन दूरचित्रवाणीवर आली : नागवे करून एकावर एक रचलेले कैदी, गळ्यात पट्टा घातलेला माणूस, डोक्यावर टोपडे घालून हातांना तारा बांधून उभा केलेला माणूस, आणि शेजारी हसणारे शिपाई. रेडक्रॉसच्या त्या वर्षीच्या अहवालात नमूद आहे की पकडलेल्यांपैकी शेकडा ७० ते ९० लोक चुकून पकडले गेले असावेत असा अंदाज खुद्द काही लष्करी गुप्तहेर अधिकाऱ्यांनीच सांगितला. इंग्रजांची कथा फारशी वेगळी नव्हती. सप्टेंबर २००३ मध्ये बसऱ्याच्या एका हॉटेलातील कारकून त्यांच्या कोठडीत मेला. त्याच्या अंगावर ९३ जखमा होत्या.

या छळाचे एक अंग असे आहे की ज्याविषयी माझ्यासारख्या संगीत शिकविणाऱ्याने गप्प बसणे योग्य होणार नाही. ग्वांतानामो येथील तळावर आणि इराकमध्ये कैद्यांना झोप लागू नये व त्यांचे मन मोडावे म्हणून तासन् तास कर्कश आवाजात गाणी लावीत. त्यांत लहान मुलांच्या कार्यक्रमातील गाणीही होती. मे २००३ मध्येच हे वृत्त प्रसिद्ध झाले होते, आणि पुष्कळांनी ते विनोद म्हणून वाचले. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. मैफलीत न आवडल्यास उठून जाण्याची मोकळीक श्रोत्याला असते, आणि त्या मोकळिकीवरच गवयाचा सारा मान उभा असतो. ती काढून घेतली की उरतो तो निव्वळ मार, मग तो सुरात असला तरी. नाना समाजांच्या संगीताचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील विद्वानांच्या संस्थेने २००७ साली या प्रकाराचा जाहीर निषेध केला. तो उशिरा झाला, पण आपल्या विद्येचा असा वापर होत असता तिच्या उपासकांनी बोलले पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

आता जाब कोणी दिला ते पाहावे. अबू घ्रैबबद्दल ११ शिपाई दोषी ठरले. त्यांतल्या म्होरक्यास दहा वर्षांची सजा झाली. तुरुंगाची प्रमुख असलेल्या स्त्री-ब्रिगेडियरला कर्नलच्या हुद्द्यावर उतरविण्यात आले. वरचा कोणी तुरुंगात गेला नाही. ऑगस्ट २००२ मध्ये सरकारी कायदेपंडितांनी छळाची व्याख्या इतकी आक्रसून दिली होती की अवयव निकामी होण्याइतकी वेदना झाल्यावाचून तो छळच ठरू नये. ते पंडित सुखाने आपापल्या जागी राहिले. ही केवळ थोड्या नासक्या शिपायांची करणी नव्हे, असा निष्कर्ष अमेरिकन सीनेटच्याच समितीने २००८ साली काढला. पुढच्या अध्यक्षांनी मात्र मागे न पाहता पुढे पाहावे असे ठरविले. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हर्जिनियातील ज्यूरीने तेथे काम केलेल्या एका खाजगी कंपनीस तीन माजी कैद्यांना ४ कोटी २० लाख डॉलर देण्यास सांगितले. वीस वर्षे त्यासाठी लागली.

पण शिपाई आणि मंत्री यांच्यापलीकडे तिसराही एक पक्ष आहे, तो म्हणजे जनता. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ साली, आपला देश भुईसपाट झाला असता, आपल्याच लोकांपुढे या प्रश्नाची फोड केली. गुन्हा हा ज्याचा त्याचा असतो व त्याचा निवाडा न्यायालयात होतो. राजकीय जबाबदारी मात्र राज्याच्या सर्व नागरिकांवर येते. नैतिक दोषाचा निवाडा ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकापुढे होतो. आणि अन्याय होत असता आपण जिवंत राहिलो या जाणिवेचे एक चौथे ओझे असते, त्याचा निवाडा ईश्वराकडे. ही फोड उपयोगाची आहे, कारण ती दोन्ही पळवाटा बंद करते. ‘सारे राष्ट्रच पापी’ असे म्हणता येत नाही, आणि ‘आम्ही काय केले?’ असेही म्हणता येत नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये युद्धाच्या अधिकारपत्राविरुद्ध अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात १३३ व सीनेटात २३ मते पडली. १५ फेब्रुवारी २००३ रोजी जगातील शेकडो शहरांत लाखो लोक रस्त्यावर आले. इंग्लंडचे मंत्री रॉबिन कुक यांनी राजीनामा दिला. आणि तरीही, ती छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिल्यानंतर अवघ्या सहा महिन्यांनी त्याच अध्यक्षांची पुन्हा निवड झाली. ते मत कोणी एका शिपायाने दिले नव्हते.

आपल्यासारख्या जुन्या संस्थानी गावांत राहणाऱ्यांना हा भेद चटकन कळावा. पहिल्या महायुद्धात याच इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, मराठा पलटणी लढल्या. ११० वी मराठा पलटण एप्रिल १९१६ मध्ये कूतच्या वेढ्यात शत्रूच्या हाती पडली. पुढच्या वर्षी बगदाद घेतल्यावर जनरल मॉड यांनी, आम्ही जेते म्हणून नव्हे तर मुक्तिदाते म्हणून आलो, असा जाहीरनामा काढला. तीनच वर्षांत तेथे बंड पेटले आणि ते मोडण्यास पुन्हा हिंदी फौजाच वापरल्या गेल्या. त्या शिपायांना कोणी मत विचारले नव्हते. माझे वडील संस्थानाच्या अखेरच्या काळात दरबारी गवई होते. खाल्ल्या मिठाला जागावे हा त्यांच्या पिढीचा धर्म होता आणि त्यात उणे काही नव्हते. पण लोकराज्यात मीठ कोणाचे? येथे सरकार आपले मीठ खाते. जागावयाचे ते त्याने. आणि तो जागतो की नाही हे पाहावयाचे ते आपण.

द्यूतसभेची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दुःशासनाने वस्त्राला हात घातला हा त्याचा गुन्हा. पण व्यासांनी ती सभा एवढ्या विस्ताराने रंगविली ती खाली माना घातलेल्या भीष्म-द्रोणांसाठी. बोलला तो विकर्ण, कौरवांतलाच एक. अबू घ्रैबमध्येही जोसेफ डार्बी नावाचा एक शिपाई निघाला, त्याने ती छायाचित्रे जानेवारी २००४ मध्ये वरिष्ठांच्या हवाली केली. त्याचे नाव उघड झाले आणि त्याला आपल्या गावी परतून राहता आले नाही. त्याला गावाबाहेर ठेवणारे लोक तुमच्याआमच्यासारखेच साधे, देवभीरू गृहस्थ होते. विकर्णाची आणखी एक गोष्ट आपण विसरतो. सभेत बोलून झाल्यावर तो पुढे कौरवांच्याच बाजूने लढला आणि मेला. एकदा बोलून जबाबदारी संपत नाही.

भारताने या प्रकरणी हात बरेचसे स्वच्छ राखले. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने युद्धाची निंदा करणारा ठराव केला आणि जुलैत सरकारने फौज पाठविण्यास नकार दिला. पण त्यावर फुशारून जाण्याचे कारण नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर आपण १९९७ साली सही केली. पुढे पाव शतक उलटून गेले तरी तो मंजूर केला नाही. कोठडीत कोणी मेल्याचे वृत्त सकाळी चहाबरोबर वाचून ‘काहीतरी केलेच असेल त्याने’ असे म्हणणारे घर माझ्या पाहण्यात पुष्कळ आहे. त्या वाक्यात आणि २००२ सालच्या धोरणात तत्त्वाचा फरक काही नाही. दोन्ही ठिकाणी संशय हाच निकाल असतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणाचेही सरकार, परके वा आपले, ‘आधी वार केलाच पाहिजे’ असे म्हणेल, तेव्हा नागरिकाने तीन प्रश्न धरून ठेवावे. संकट तोंडावर आल्याचा पुरावा काय? दुसरे उपाय खरोखर संपले काय, आणि ते कोणी पाहिले? पकडलेल्या माणसाचे काय होते ते आम्हाला कळणार काय? हे प्रश्न युद्धाआधी विचारणारास भित्रा म्हणतात, युद्ध चालू असता द्रोही म्हणतात, आणि संपल्यावर, जुन्या गोष्टी कशाला उकरता, असे म्हणतात. यांतली योग्य वेळ कोणती हे सरकारने ठरवावयाचे नसते. प्रश्न विचारणे हा ज्याने मत दिले त्याचा हक्क आहे, आणि त्याच्या नावावर कोठेतरी कोणी माणूस टांगलेला असेल तर ते त्याचे कर्तव्यही आहे.