तरणतलावाचा खर्च आणि घराचे मूल्य

गव्हाण (ता. पनवेल), प्रतिनिधी

शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला आणि नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. या दोन घटनांमुळे गव्हाण आणि त्यालगतच्या उलवे नोडमधील घरांकडे मुंबईकरांचे लक्ष वळले. स्पर्धा वाढताच बागबगीचा आणि व्यायामशाळा एवढ्यावर भागेनासे झाले. गच्चीवरील तरणतलाव, छोटेखानी चित्रपटगृह, चढाईची भिंत अशा आगळ्या सोयी घराच्या किमतीत मिसळल्या जातात. या सोयींचे मूल्य नेमके किती, हा प्रश्न मात्र बहुधा कर्जाचा अर्ज बँकेत पोहोचल्यावरच उभा राहतो.

खर्च म्हणजे मूल्य नव्हे, हे मूल्यांकनाचे पहिले तत्त्व आहे. एखाद्या सोयीवर किती पैसे ओतले, यापेक्षा तिच्यासाठी बाजारातील सर्वसाधारण ग्राहक किती अधिक मोजतो, याला महत्त्व असते. त्यासाठी सोय असलेल्या आणि नसलेल्या, पण अन्यथा सारख्या घरांच्या व्यवहारांची तुलना करावी लागते. सोय जितकी दुर्मीळ, तितके असे व्यवहार कमी. मग मूल्यनिर्धारक सावध पवित्रा घेतो.

मुद्रांक शुल्कासाठीच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातही चढाईच्या भिंतीसाठी निराळा दर नसतो. तथापि, करारातील किंमत तक्त्याहून अधिक असेल, तर शुल्क त्या अधिक किमतीवरच भरावे लागते. म्हणजे सोयीसाठी मोजलेल्या रकमेवर शासन कर घेते; बँक त्या रकमेवर कर्ज देईलच असे नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांहून अधिक व ७५ लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच देता येते. समजा, करार ८० लाखांचा झाला, पण मूल्यनिर्धारकाने घर ७६ लाखांचे ठरविले आणि बँकेने तोच आकडा धरला. अशा वेळी कर्ज ६४ लाखांऐवजी ६० लाख ८० हजारांवर थांबते. उरलेले ३ लाख २० हजार रुपये कुटुंबाने स्वतःच्या बचतीतून उभे करायचे. मध्यमवर्गीय घरासाठी ही रक्कम लहान नाही.

देखभालीचे गणित

दुसरा हिशेब त्याहून दीर्घकाळ चालतो. उलवे परिसरातील अनेक इमारती साडेबारा टक्के योजनेतील छोट्या भूखंडांवर उभ्या आहेत. जानेवारी १९८४ मधील जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. त्या लढ्यातून ही योजना प्रकल्पग्रस्तांच्या पदरी पडली. छोट्या भूखंडावर सदनिका मोजक्याच आणि खर्च वाटून घेणारेही मोजकेच.

उदाहरणादाखल, ४५ लाख रुपयांचा तलाव आणि त्याची दरमहा ४५ हजारांची देखभाल गृहीत धरू. सदनिका ३० असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला दीड लाखाचा बांधकाम खर्च आणि दरमहा दीड हजार रुपये येतात. वर्षाचे हे १८ हजार रुपये ८ टक्के दराने भांडवलात मांडले, तर बोजा सव्वादोन लाखांचा होतो. दीड लाखाच्या सोयीवर सव्वादोन लाखांचे ओझे! हाच तलाव ३०० सदनिकांच्या संकुलात असेल, तर घरामागे महिन्याला अवघे दीडशे रुपये पडतात. म्हणजे एकच सोय एका घराचे मूल्य वाढवते आणि दुसऱ्याचे घटवते.

त्यातच सदस्याचे मासिक देखभाल शुल्क ७,५०० रुपयांपुढे गेले आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांहून अधिक असली, तर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू होतो.

कायद्याचे संरक्षण

स्थावर संपदा कायदा, २०१६ नुसार गच्ची, उद्याने व क्रीडांगणे ही सामाईक क्षेत्रे आहेत. कबूल केलेल्या सोयी विकासकाला मनमानी पद्धतीने बदलता येत नाहीत. महारेराने २०२४ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. तरणतलाव, क्रीडांगण आदी सोयींचा तपशील आणि त्या उपलब्ध होण्याची तारीख विक्री करारातच नमूद करणे बंधनकारक केले. सोय कागदावर नसेल, तर तिचे मूल्य धरण्याला आधारच उरत नाही.

म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी ग्राहकाने तीन गोष्टी तपासणे हिताचे ठरेल: सोयींची तारीख करारात आहे काय, देखभालीचा भार किती सदनिकांत वाटला जाणार आहे, आणि शेजारच्या साध्या इमारतीतील तेवढ्याच घराचा नोंदणीकृत व्यवहार कितीला झाला आहे. दोन घरांच्या किमतीतील फरक कुटुंबाच्या प्रत्यक्ष वापराशी ताडून पाहावा. जो तलाव वर्षातून चार वेळा वापरला जाणार, त्याचे हप्ते वीस वर्षे फेडण्यात शहाणपण नाही.