गाणाऱ्या बाईवर बंदी कशासाठी?

आपल्या जालना जिल्ह्यातल्या काही महिला मंडळांनी मिळून जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या एका निवेदनाचा मसुदा माझ्याकडे सहीसाठी आला. गणेशोत्सव, नवरात्र, जत्रा, उरूस अशा ठिकाणी होणाऱ्या ऑर्केस्ट्रात बायकांनी स्टेजवर गाण्या-नाचण्याला परवानगी देऊ नये, अशी मागणी आहे. कारणं तीन दिली आहेत. स्त्रीची प्रतिष्ठा कमी होते, तरुण पोरं बिघडतात आणि अपसंस्कृती पसरते. मी सही केली नाही. का केली नाही, हे तोंडी सांगून भागलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मसुदा लिहिणाऱ्या बायकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांच्यातल्या काही जणी दारूबंदीसाठी रात्र-रात्र गुत्त्यांपुढे बसलेल्या आहेत. कार्यक्रमाच्या रात्री पोरीबाळींना गल्लीतून निघता येत नाही, पिऊन आलेले पुरुष स्टेजसमोर धिंगाणा घालतात, ते घरी आल्यावर बायकोच्या पाठीवर निघतं, हे त्या सांगतात ते खरंच आहे. पण मागणी नीट वाचा. पिणारा तिथेच राहणार. वर्गणी गोळा करणारं मंडळ राहणार. भिंती हादरवणारा डीजे तर राहणारच, आणि त्यावर बायकांच्याच आवाजातली तीच गाणी वाजणार. जायचं आहे ते फक्त पोटासाठी तिथे उभ्या असलेल्या बाईला.

गंमत अशी की त्याच मांडवात दुसऱ्या दिवशी भावगीतांचा कार्यक्रम असतो. तिथेही बाईच गाते, माइकसमोरच गाते, मानधन घेऊनच गाते. तिला शाल-श्रीफळ मिळतं आणि तिच्यामुळे कुणाची प्रतिष्ठा कमी झाल्याचं ऐकिवात नाही. म्हणजे आक्षेप बाईच्या गाण्याला नाही. ती कोणतं गाणं गाते, कोणत्या घरातून आली आहे आणि समोर कोण बसलं आहे, यावर तो ठरतो.

मसुद्यात ‘डिस्को व तत्सम गाणी’ असा शब्दप्रयोग आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा हा शब्द अजून शिवीसारखा वापरला जातो याचं नवल वाटलं, आणि ही गाणी ज्या बायकांनी गायली त्यांचं काय झालं ते सांगावंसं वाटलं.

१९८० साली ‘कुर्बानी’ आला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १ मे १९८१ला, औरंगाबादपासून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. म्हणजे हा जिल्हा आणि ही गाणी एकाच वयाची. या सिनेमात झीनत अमानच्या तोंडी असलेल्या दोन गाण्यांनी देश नाचवला. पडद्यावर चेहरा एकच, आवाज मात्र दोन वेगळ्या बायकांचे.

त्यातलं लैलाचं गाणं अमितकुमारबरोबर गायलं कांचन यांनी. माहेरच्या कांचन दिनकरराव माळी. कल्याणजी-आनंदजींचे भाऊ बाबला यांच्या ऑर्केस्ट्रात त्या गात, पुढे त्यांच्याशीच लग्न झालं. ऑर्केस्ट्रात गाणारी बाई! मसुदा लिहिणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं. याच बाईंनी बाबलांबरोबर त्रिनिदाद, गयाना, सुरीनामकडची चटणी गाणी गायली. गिरमिटिया मजूर म्हणून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या आपल्या माणसांच्या नातवंडा-पणतवंडांनी ती डोक्यावर घेतली. तिकडच्या लग्नघरांत कांचनचं नाव आजही माहीत आहे. इकडे नवरात्रात दांडियाला डिस्कोचा ठेका देणारे म्हणून बाबलांचं नाव निघतं. त्या ठेक्यावर गाणारी कोण, हे विचारलं तर दहातल्या नऊ जणी गप्प बसतील. कांचन २००४ साली गेल्या. २०१७ साली ‘रईस’मध्ये तेच लैलाचं गाणं नव्याने आलं, दुसऱ्या गायिकेच्या आवाजात आणि दुसऱ्या नटीवर. चर्चा झाली ती नटीच्या कपड्यांची.

दुसरं गाणं नाझिया हसनचं. कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये वाढलेली, गाताना जेमतेम पंधरा वर्षांची. बंगलोरकडच्या बिड्डूंनी चाल दिली. फिल्मफेअरचा पार्श्वगायिकेचा पुरस्कार एवढ्या लहान वयात तोवर कुणाला मिळाला नव्हता. १९८१ साली ‘डिस्को दीवाने’ निघाली आणि भारत-पाकिस्तान दोन्हीकडे खपली. पुढे ती कायदा शिकली, संयुक्त राष्ट्रसंघात काम केलं. तिच्या गाण्यांना वाईट म्हणणारे मुल्ला-मौलवी पाकिस्तानात होतेच, आणि तिला ‘परदेशी पोर’ म्हणून नाकं मुरडणारे आपल्याकडेही होते. लग्न सुखाचं झालं नाही. १३ ऑगस्ट २००० रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने ती गेली, तेव्हा ती अवघी पस्तीस वर्षांची होती आणि घटस्फोट नुकताच झालेला होता. २०१२ साली हिंदी सिनेमाने तिचं गाणं पुन्हा वाजवलं. बाई मरून बारा वर्षं झाली तरी आवाज कामाला जुंपलेला.

आता ‘अपसंस्कृती’ या शब्दाकडे येते, कारण मसुद्यात तो दोनदा आला आहे.

उषा उथुप यांनी १९६९च्या सुमारास मद्रासच्या एका नाइटक्लबात गायला सुरुवात केली, तीही कांजीवरम नेसून, गजरा माळून. शाळेत असताना आवाज जाड म्हणून संगीताच्या वर्गात त्यांना जागा मिळाली नव्हती. त्याच जाड आवाजात १९८०-८१मध्ये बप्पी लाहिरींनी ‘प्यारा दुश्मन’ आणि ‘अरमान’मधली डिस्को गाणी गाऊन घेतली. बाईचा आवाज पातळच हवा, गोडच हवा, हा दंडक त्या आवाजाने मोडला. आणि काय झालं? त्याच दशकाच्या सुरुवातीला पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडीच्या सरकारातले मंत्री जतीन चक्रवर्ती यांनी त्यांच्यावर अपसंस्कृतीचा ठपका ठेवला आणि सरकारी सभागृहं त्यांना बंद केली. हे कुणी कर्मठ धर्ममार्तंड नव्हते. कष्टकऱ्यांच्या बाजूने बोलणारे, आपल्याला जवळचे वाटावेत असे पुढारी होते. उषाताई कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. त्यांच्याकडे नाव होतं, वकील होता, म्हणून जाऊ शकल्या. २०२४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. चाल देणाऱ्यांना, शब्द लिहिणाऱ्यांना, सिनेमा काढणाऱ्यांना त्या काळात कुणी हॉल बंद केले होते का, हा प्रश्न मी सहीसाठी आलेल्या ताईंना विचारला. उत्तर आलं नाही.

आशा भोसल्यांचं उदाहरण मराठी बाईला वेगळं सांगायला नको, तरी एक गोष्ट विसरली जाते. सोळाव्या वर्षी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न, मग १९६०च्या सुमारास मुलांना घेऊन सासर सोडणं, आणि पदरातल्या लेकरांसाठी मिळेल ते गाणं. मिळत होतं ते क्लबातल्या बाईचं, खलनायकाच्या अड्ड्यावर नाचणाऱ्या बाईचं. नायिकेचं सोज्वळ गाणं दुसरीकडे जाई. १९७१च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधलं त्यांचं गाणं तर आकाशवाणीला चालेना. डिस्कोचे दिवस आले तेव्हा या वाटेवरून त्या वीस वर्षं चालत होत्या. टाकून न देता स्वतःच्या पायावर निघालेल्या बाईला समाज जे काम देतो ते तिने उत्तम केलं, आणि त्याच कामावरून तिची ‘पातळी’ मोजली गेली. पडद्यावरची क्लबातली बाई वाईट, म्हणून तिला आवाज देणारीही तसलीच, हे गणित आपल्या डोक्यात कुणी घातलं?

आणि पैसा? १९९४च्या दुरुस्तीपर्यंत आपल्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याच्या सादरीकरणाला हक्क म्हणून जागाच नव्हती. गाण्याच्या व्यापारी वापरातून गाणाऱ्याला स्वामित्वधनाचा वाटा, ही तरतूद २०१२ साली आली. डिस्कोचा सगळा बहर या दोन्हींच्या आधीचा. गायलं, ठरलेले पैसे घेतले, दार बंद.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. हे संगीत ज्या अमेरिकेतून आलं, तिथे ते काळ्या बायकांच्या गळ्यावर उभं राहिलं. मार्था वॉश ही त्यातली एक. १९९०च्या सुमारास तिच्या आवाजातली गाणी जगभर वाजली, पण पाकिटावर तिचं नाव नव्हतं आणि व्हिडिओत एक सडपातळ मॉडेल ओठ हलवत होती. कारण मार्था अंगाने जाड. तिने दावे लावले, तडजोडी झाल्या, आणि त्यानंतर गाणाऱ्याचं नाव छापण्याकडे कंपन्यांना लक्ष द्यावं लागलं. आपल्याकडच्या जत्रांत मागून ट्रॅक वाजतो आणि पुढे कोवळी पोर ओठ हलवते, तेव्हा मला मार्थाची आठवण होते.

बंदीचा अनुभव तर आपण महाराष्ट्रात घेतलेलाच आहे. २००५ साली सरकारने डान्सबारवर बंदी आणली. तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना सूट होती, म्हणजे श्रीमंतासमोरचा नाच नीतीत बसत होता. तेव्हा स्त्री संघटनांतही दोन तट पडले. मुंबईच्या ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ने आणि एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने बारमधल्या पाचशे बायकांना भेटून त्यांचं म्हणणं नोंदवलं. निवेदन लिहिण्याआधी करायचं काम ते हेच. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मधल्या आठ वर्षांत ज्यांचं काम गेलं त्यांची भरपाई कुणी केली नाही. काही जणी ऑर्केस्ट्रा बारमध्ये गायला उभ्या राहिल्या, तर तिथे परवान्यात अट होती की चारच बायका आणि चारच पुरुष. ही अट सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२२ रोजी रद्द केली. आठ कलाकारांची मर्यादा चालेल, पण त्यात बायका किती हे सरकारने ठरवायचं नाही. बाईच्या रक्षणाच्या नावाखाली तिची रोजी काढून घेणं म्हणजे जुन्याच साचेबंद समजुतींवर कायदा उभारणं, अशी न्यायालयाची भूमिका होती. हे न्यायमूर्तींना कळलं. आपण मात्र २०२२ नंतर स्वतः होऊन तीच बंदी मागायला निघालो आहोत.

जालन्यातल्या एका ऑर्केस्ट्रात गाणारी बाई माझ्या ओळखीची आहे. नाव लिहीत नाही. नवरा ऊसतोडीच्या गाडीखाली गेला, दोन मुली शाळेत आहेत. तिला मी मसुदा वाचून दाखवला. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ताई, स्टेजवर मला कोणी हात लावत नाही, समोर हजार माणूस असतं. खरा घोर स्टेजवरून उतरल्यावर हाय. टेम्पो मला रात्री दोनला मंठा चौफुलीवर सोडतो आन् निघून जातो. तिथून पायी. त्याचं काही लिवलंय का ह्याच्यात?”

लिहिलेलं नव्हतं. सुपारी किती रुपयांची ठरली हे तिला कधी कळत नाही, मालक देईल ते घ्यायचं. समोरून फर्माईशीला आलेली बक्षिसाची नोटसुद्धा मालकाच्या खिशात जाते. स्टेजमागे साडी बदलायला आडोसा नसतो, संडास नसतो, म्हणून ती दुपारपासून पाणी पीत नाही. फ्लेक्सवर मालकाचा, आमदाराचा, मंडळाच्या सगळ्या पोरांचा फोटो. तिचं नाव नाही. अलीकडे सुपाऱ्याही कमी झाल्या, डीजे स्वस्त पडतो. आणि हो, गाणी ती तीच गाते, कुर्बानीतलीसुद्धा. तिला ती आवडतात. “मस्त हायेत,” म्हणाली. बाईला ठेका आवडू शकतो, हे आपल्या मसुद्यांत कधीच नसतं.

म्हणून मी दुसरा मसुदा लिहिला आहे. परवानगी देतानाच मंडळाने आणि ऑर्केस्ट्राच्या मालकाने लेखी करार दाखवावा, त्यात गाणारीचं नाव आणि रक्कम असावी, पैसे त्याच रात्री तिच्या हातात पडावेत, आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडण्याची जबाबदारी मालकाची असावी, असं त्यात आहे. आडोसा आणि संडास आहे. पिऊन धिंगाणा घालणाऱ्यावर कारवाई आहे, पहिल्या मसुद्यातली ती तक्रार मी तशीच ठेवली आहे. आणखी एक गोष्ट घातली आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा असंघटित क्षेत्रातल्या बाईलाही लागू आहे. मालकाने कामासाठी दिलेलं वाहनसुद्धा त्यात कामाचं ठिकाण धरलं आहे, म्हणजे तो टेम्पोही आला. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. या समितीची माहिती प्रत्येक मांडवात, स्टेजच्या मागच्या बाजूला लावावी, अशी मागणी आहे. पुढच्या बाजूला लावून उपयोग नाही, तिथून तिला दिसत नाही.

मसुदा अजून कचेरीत दिलेला नाही. जिल्ह्यातल्या ऑर्केस्ट्रांत गाणाऱ्या बायकांपैकी सहा जणींनी तो वाचला आहे, आणि त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या आहेत. एक, मागून ट्रॅक लावून ओठ हलवायला लावू नये. दुसरी, रात्री बाराला पोलीस कार्यक्रम बंद करतात तेव्हा मालक पैसे कापतो, ते कापू नयेत. दोन्ही घेतल्या आहेत. बाकीच्या बायकांपर्यंत पोचायला अजून महिनाभर लागेल. पहिल्या मसुद्यावर ज्यांनी सह्या केल्या आहेत त्यांनाही मी तो पाठवते आहे.