शिखरावरून न दिसणारी रेघ

प्रवासवर्णनांत काही वाक्ये अशी असतात की ती लेखकाला सुचावी लागत नाहीत, आपोआप कागदावर उतरतात. 'डोंगरमाथ्यावरून देशांच्या सीमा दिसत नाहीत' हे त्यांपैकी एक. सरोवराकाठचे एखादे शिखर चढून गेलेला प्रवासी दम खातो, घाम पुसतो, खालचे निळे पाणी आणि पलीकडच्या डोंगररांगा डोळे भरून पाहतो आणि हे वाक्य लिहून मोकळा होतो. वाचकही मान डोलावतो. निसर्ग एकच आहे, रेघा माणसाने ओढल्या, असा उदात्त विचार त्यामागे असतो, आणि उदात्त विचाराशी भांडायला सहसा कोणी जात नाही. मी हे वाक्य स्वतः एका पत्रात लिहिलेले असल्यामुळे त्याच्याशी भांडण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे समजतो.

ते पत्र लिहिले होते माँते जेनेरोझोवरून उतरल्यानंतर. लुगानो सरोवर हे स्वित्झर्लंडचा तिचिनो कँटन आणि इटलीचा लोम्बार्डी प्रांत यांच्यात वाटले गेलेले, वेड्यावाकड्या हातापायांचे पाणी आहे. त्याच्या दक्षिण टोकाशी हा डोंगर उभा आहे. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून २७१ मीटर आणि शिखराची उंची १७०१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून जरा अधिक. कापोलागो गावातून १८९० सालापासून दातेरी रुळांची आगगाडी वर जाते. पण पायी चढणाराला चेस्टनटची आणि बीचची राने, मग मोकळी कुरणे आणि त्यांत अर्धी जमिनीत पुरलेली गोल दगडी बांधकामे भेटतात. हिवाळ्यात त्यांत बर्फ ठासून ठेवायचा आणि उन्हाळ्यात त्यावर दूध गार राखायचे, अशी तेथल्या गवळ्यांची युक्ती होती. माथ्यावर पोहोचले की पश्चिमेला सरोवर आणि दूरवर माँते रोझाचा हिमाच्छादित पुंजका, दक्षिणेला पो नदीचे मैदान, हवा स्वच्छ असेल तर मिलान शहरसुद्धा. पूर्वेचा उतार इटलीतल्या इंतेल्वी खोऱ्यात जातो. सीमा नेमकी या माथ्यावरून जाते. एक पाय या देशात आणि एक पाय त्या देशात ठेवून छायाचित्र काढण्याचा मोह मलाही आवरला नाही.

या मुलखातून हिंडताना सीमांविषयी ज्याने लिहिले, असा मोठा लेखक म्हणजे हेर्मान हेसे. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ साली तो लुगानोजवळच्या मोंतान्योला या डोंगरगावी राहायला आला आणि १९६२ साली तेथेच वारला. आपल्याकडे ज्याचे कौतुक झाले ते 'सिद्धार्थ' त्याने येथेच पुरे केले. त्याआधी १९२० साली त्याचे 'वांडरुंग' हे भटकंतीचे छोटे पुस्तक निघाले. आल्प्स ओलांडून दक्षिणेकडे उतरताना तो त्यात सीमांविषयीचा आपला तिटकारा व्यक्त करतो. शांतता आणि विवेक नांदत असतो तोवर सीमा कोणाला जाणवत नाहीत, युद्ध पेटले की मात्र त्या एकाएकी पवित्र होऊन बसतात, असे त्याच्या म्हणण्याचे तात्पर्य. नुकत्याच संपलेल्या संहाराच्या पार्श्वभूमीवर हे म्हणणे धैर्याचे होते. आपल्या सुळसुळीत वाक्यापेक्षा ते कितीतरी प्रामाणिकही आहे, कारण सीमा जाग्या होतात हे हेसे विसरत नाही.

तरीही त्यातला पूर्वार्ध मला पटत नाही. शांततेच्या काळात सीमा जाणवत नाही, ती कोणाला? पाठीवर वही, रंगपेटी आणि भाकरी घेऊन निघालेल्या भटक्याला. त्याच वाटेवरून त्याच काळात दुसराही एक माणूस चालत होता. त्याला त्या भागात 'स्पालोने' म्हणत, म्हणजे खांद्यावर ओझे वाहणारा. इटलीत तंबाखूवर सरकारची मक्तेदारी होती आणि कर जबर होता. स्विस बाजूला तंबाखू, कॉफी, सॅकरीन स्वस्त. तेव्हा डोंगराकाठच्या गावांतली माणसे तागाच्या कापडात बांधलेले पंचवीस-तीस किलोंचे गाठोडे पाठीवर घेऊन रातोरात रांग ओलांडत. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून पायांत बूट नसत, तागाच्या गोणपाटाची शिवलेली पायताणे असत. इटलीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या सीमेवर तारेची जाळी उभारली आणि तिला घंटा टांगल्या, धक्का लागला की वाजाव्यात म्हणून. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या दोन वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये शिधावाटप होते, तेव्हा ओझ्याची दिशाच उलटली आणि इटलीतला तांदूळ वर चढू लागला. १९७० च्या दशकापर्यंत हा व्यवहार या ना त्या रूपात चालला. या माणसांना सीमा दिसत नव्हती असे कोण म्हणेल? काळोखातसुद्धा ती कोठे आहे हे त्यांना हाताच्या रेषेसारखे ठाऊक होते.

आज आपण ज्या पायवाटांवरून निवांत चढतो त्यांतल्या कित्येक या लोकांनी आणि त्यांच्या मागावर असलेल्या पहारेकऱ्यांनी मळलेल्या आहेत. वाट शोधण्याचे कष्ट ज्यांनी सीमेपायी घेतले, त्यांच्या वाटेने वर जाऊन 'सीमा कोठे आहे?' असे विचारणे म्हणजे पंगतीत पोटभर जेवून 'चूल कशाला हवी?' असे विचारण्यासारखे आहे.

जेनेरोझोच्या पश्चिमेला, सरोवराच्या दोन बाहूंमध्ये माँते सान जोर्जो हा १०९७ मीटरचा, झाडीने भरलेला डोंगर आहे. त्याच्या खडकांत सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्री सरीसृपांचे आणि माशांचे जीवाश्म इतक्या उत्तम स्थितीत सापडतात की युनेस्कोने तो जागतिक वारसा ठरवला. पण कसा? २००३ साली फक्त स्विस बाजू यादीत आली. इटलीची बाजू तीत जायला २०१० साल उजाडले. तो खडक मधल्या सात वर्षांत काही वेगळा नव्हता. निसर्गाला सीमा नसतात, हे भूशास्त्र सिद्ध करतेच. परंतु माणसाचा व्यवहार निसर्गाच्या साक्षीने चालत नाही, हेही याच डोंगराने सिद्ध केले आहे.

याहून कठोर साक्षही त्याच डोंगराच्या पायथ्याची आहे. सप्टेंबर १९४३ नंतर उत्तर इटली जर्मनांच्या ताब्यात गेली आणि ज्यू कुटुंबे या डोंगरांच्या वाटेने स्वित्झर्लंडकडे निघाली. वाटाडे बहुधा तस्करच असत, पैसे घेऊन पार करणारे. अनेकांना पलीकडे आसरा मिळाला. अनेकांना परत लावण्यात आले. त्या डिसेंबरात मिलानची तेरा वर्षांची लिलियाना सेग्रे वडिलांबरोबर सीमा ओलांडून सान जोर्जोच्या दक्षिण पायथ्याच्या आर्त्सो गावी पोहोचली. स्विस अधिकाऱ्यांनी त्यांना परत पाठवले. इटलीच्या हद्दीत येताच त्यांना अटक झाली. ३० जानेवारी १९४४ रोजी मिलानच्या मध्यवर्ती स्थानकातून त्यांना आउश्वित्झला नेण्यात आले. वडील तेथेच मारले गेले. लिलियाना वाचली, आणि २०१८ साली इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी तिची तहहयात सिनेटर म्हणून नेमणूक केली. ज्या हद्दीवरून हे कुटुंब परत लावले गेले, ती माथ्यावरून पाहणाराला हिरव्यागार झाडीचा एक पट्टा म्हणूनच दिसते. दृश्य सुंदरच आहे. ते सुंदर आहे म्हणून निरपराध आहे, असे मात्र नव्हे.

हे सारे युद्धातले, जुने झाले, असे कोणी म्हणेल. १२ डिसेंबर २००८ पासून स्वित्झर्लंड शेंगेन व्यवस्थेत सामील झाले आहे. इटलीतून तिचिनोत रोज कामाला येणाऱ्यांची संख्या पाऊण लाखाहून अधिक आहे. मीही एकाच व्हिशावर दोन्ही देशांत पाय ठेवू शकलो. त्याआधी भारतीय प्रवाशाला स्वित्झर्लंडसाठी वेगळा व्हिसा काढावा लागे. पण २०१६ च्या उन्हाळ्यात, याच डोंगराच्या दक्षिण अंगाला, कोमोच्या रेल्वे स्थानकासमोरच्या बागेत शेकडो माणसे उघड्यावर झोपत होती. त्यांतली बरीचशी इरिट्रिया आणि आफ्रिकेतल्या इतर देशांतून आलेली. उत्तरेकडे जाऊ पाहताना किआसोच्या नाक्यावरून परत पाठवली गेलेली. तेव्हाही जेनेरोझोच्या माथ्यावरून सीमा दिसत नव्हती. माझ्या डोळ्यांना ती दिसली नाही याचे श्रेय डोंगराच्या उंचीला नव्हते. माझ्या पासपोर्टावर चिकटवलेल्या एका चौकोनी कागदाने ती पुसली होती.

आपल्या देशात हा अनुभव घेण्यासाठी पँगाँग सरोवर पुरेसे आहे. तेथे शेकड्यांनी पर्यटक जातात, बदलत्या निळाईची छायाचित्रे काढतात. उत्तर काठावर पाण्यात उतरणाऱ्या डोंगरसोंडांना लष्करी भाषेत 'फिंगर' म्हणतात आणि त्यांना अनुक्रमांक आहेत. २०२० साली भारत आणि चीनचे सैन्य या सोंडांवर समोरासमोर उभे ठाकले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही काठांवरून मागे झाले. त्या सोंडांवर हौसेने चढून जाण्याची कल्पनाही कोणी करत नाही. 'शिखरावरून सीमा दिसत नाही' हे वाक्य तेथे कोणाला सुचणार नाही. म्हणजे ते वाक्य डोंगरांविषयी नाहीच. ज्या डोंगरावर आपल्याला कोणी अडवत नाही, तेवढ्याविषयीच ते आहे.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. आठवडाभर शहरात पिचलेला माणूस दोन दिवस डोंगरावर जातो तो मोकळ्या हवेसाठी. त्याच्या पाठीवर इतिहासाचे गाठोडे कशाला? मला वाटते, हे गाठोडे वाटते तितके जड नाही. नाणेघाट चढणाऱ्या मराठी गिर्यारोहकाला माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. व्यापाऱ्यांचे तांडे येथून जात, येथे कर भरत, हे कळल्याने घाटातला वारा काही कमी गार लागत नाही. उलट, आपल्या बुटांखालची पायरी कोणाच्या तरी गरजेने झिजली आहे हे ठाऊक झाले की चढण अधिक आपली वाटते. सह्याद्रीतल्या घाटवाटेविषयी आपण एवढे कुतूहल दाखवतो, तर आल्प्समधल्या पायवाटेला नुसते देखाव्याचे निमित्त का समजावे?

म्हणून प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांकडे माझे मागणे लहानसे आहे. माथ्यावरून काय दिसले हे जरूर लिहावे. ज्या वाटेने वर आलो ती कोणी, कशासाठी मळली, हेही दोन ओळींत लिहावे. आणि सीमा दिसली नाही असे लिहायचेच असेल, तर 'मला' हा शब्द त्यात घालावा. माझ्या त्या जुन्या पत्रात तेवढीच दुरुस्ती करायची राहिली होती.