अश्विन पौर्णिमेचे दिवे

दिवाळी आली की आपल्या घरातले पोर विचारते, "बाबा, आपण दिवे का नाही लावायचे?" बाप डाफरतो, आई गप्प बसते आणि पोर शेजारच्या ओट्यावर जाऊन उभे राहते. बंधू-भगिनींनो, नुसते 'नाही' म्हणून भागत नाही. आपले काय आहे, तेही दाखवावे लागते.

ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, आपल्याला परका नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे पूज्य भदंत चंद्रमणी महास्थवीर मूळचे तिथल्या आराकानचे. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्या देशात दिव्यांचा सण अश्विन पौर्णिमेला असतो. त्याला 'थदिंज्युत' म्हणतात. मातेला अभिधम्म सांगून भगवंत देवलोकातून परतले, त्यांच्या स्वागताचे हे दिवे, अशी तिथली कथा. आपण ती कथा म्हणून ऐकावी. पण त्याच दिवशी तीन महिन्यांचा वर्षावास संपतो, हे महत्त्वाचे.

त्या दिवसांत धाकटी माणसे आई-वडील, आजी-आजोबा आणि गुरुजींपुढे गुडघे टेकून वंदन करतात, फळे, कापड, मेणबत्त्या देतात, चुकांची क्षमा मागतात. थोरले आशीर्वाद देतात, पोरांच्या हातावर पैसेही ठेवतात. भिक्खूंची पवारणाही तेव्हाच. माझे काही चुकलेले पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. (आपल्या उत्सव समित्यांनी पावतीपुस्तके पुढे ठेवून हे एकदा करून पाहावे!)

पुढे कार्तिक पौर्णिमेपर्यंत कठीण चीवरदान चालते. एका विहारात ते वर्षातून एकदाच होते. रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोडात तर मुली रात्रभर मागावर बसून पहाटेच्या आत चीवर विणतात आणि बुद्धमूर्तीला अर्पण करतात.

आपल्याकडे वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन होते. ऐकायला बहुतेक आया-बहिणीच असतात. समारोपाला खीर वाटतो नि घरी जातो. साखरखेर्डा भागात तेव्हा सोयाबीनची सोंगणी असते, माणसे थकलेली असतात, हे खरे. तरी यंदा अश्विन पौर्णिमेला घरटी पाच पणत्या विहारात याव्यात, तेल समितीने द्यावे आणि त्या मुलांच्या हातून लावाव्यात. सोंगणीवरून माणसे उशिरा परततात, म्हणून वंदना रात्री आठनंतर ठेवावी.