मांजराची सूचना ओळखावयास शिका

बैल विकत घेताना आपला शेतकरी त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, पाठीवर हात ठेवून त्याचा स्वभावही जोखतो. गाय कान पाडून उभी राहिली, की तिला काही होत आहे हे घरच्या बाईस न सांगता कळते. परंतु त्याच घरात कणगीच्या आडोशाला बसून धान्याची राखण करणाऱ्या मांजराकडे इतक्या बारकाईने क्वचितच कोणी पाहतो. ते लबाड आहे, डोळे मिटून दूध पिते, केव्हा ओरबाडील याचा नेम नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. माझ्या मते हा दोष मांजराच्या स्वभावाचा नसून आपल्या नजरेचा आहे. मांजर बहुधा सूचना दिल्यावाचून नख लावीत नाही. ती सूचना आपणांस ओळखता येत नाही, एवढेच.

कुत्र्यावरून मांजराची पारख करण्याची चूक पुष्कळदा होते. मांजर शेपूट जोरजोराने हलवू किंवा आपटू लागले, तर ते त्रासले आहे असे समजावे. उलट, शेपूट काठीसारखे ताठ उभे करून ते सामोरे आले, तर ती स्नेहाची खूण होय. उताणे होऊन त्याने पोट दाखविले, तरी तेथे हात लावण्यास मुभा मिळाली असे नव्हे. कान मागे वळवून डोक्याला चिकटविणे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे, पाठीची कमान करून केस फुलविणे व फिस्कारणे ही भीतीची लक्षणे होत. अंधारातही बाहुल्या मोठ्या होतात; म्हणून एकाच खुणेवर निर्णय न करता कान, डोळे, शेपूट व प्रसंग ही सर्व एकत्र पाहावीत.

वेदना लपविणे हा मांजराचा स्वभावच आहे. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धती प्रसिद्ध केली. तीत पाच गोष्टी पाहतात: कान बाहेरच्या बाजूस वळलेले, डोळे अर्धवट मिटलेले, तोंडाचा पुढील भाग ताणलेला, मिशा ताठ झालेल्या आणि डोके खांद्यांच्या पातळीखाली झुकलेले. ही पाहणी करण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. मांजर घुरघुरत आहे म्हणजे ते सुखात आहे, असेही नेहमी नसते. आजारी मांजरही घुरघुरते. अशा मांजरास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. घरातील पॅरासिटामॉलची गोळी मात्र कदापि देऊ नये. ती मांजराला विषासमान आहे.

गोठ्यातील जनावरांकडे पाहण्यास जेथे वेळ पुरत नाही, तेथे मांजराचे तोंड कोणी निरखावे, असा आक्षेप काही बांधव घेतील. त्यांनी घरातील लहान मुलांचा विचार करावा. मांजर जेवत असताना किंवा पिलांजवळ असताना मूल त्याचे शेपूट ओढते. कान मागे गेलेले कोणी पाहत नाही आणि मुलाचा हात रक्ताळतो. मांजरापासूनही पिसाळरोग होऊ शकतो, आणि त्याची लक्षणे दिसू लागल्यावर मनुष्य बहुधा वाचत नाही. एरवी गरीब असलेले मांजर एकाएकी अंगावर धावू लागले, लाळ गाळू लागले किंवा त्याला गिळता येईनासे झाले, तर त्यास हात न लावता पशुवैद्यकास कळवावे. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना वा तिखट भरू नये. आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठून डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना माझी आग्रहाची सूचना आहे, की पशुपालनाच्या सभेत गाय, म्हैस व शेळी यांच्याबरोबर मांजरासाठीही पाच मिनिटे राखून ठेवावीत. मुलांना पुढे बसवावे आणि 'कान मागे, हात मागे' एवढा एकच धडा त्यांच्याकडून म्हणवून घ्यावा. त्यास खर्च काही नाही. आपल्या धान्याची राखण करणाऱ्या या मुक्या सोबत्याचे म्हणणे वेळीच कळले, तर त्याचेही कल्याण होईल आणि आपली मुलेही सुरक्षित राहतील.