हौद्यावरची खोली



माझ्या थोरल्या बहिणीचे घर मुरूडला आहे. रायगडातले जंजिऱ्याचे मुरूड नव्हे, आमचे दापोली तालुक्यातले. तिचा मुलगा फरशी बसवण्याची कामे घेतो. आज कर्दे, उद्या गुहागर, परवा हरिहरेश्वर. जुना छोटा हत्ती घेतला आहे, त्यात कटर, ग्राइंडर, घमेली घेऊन फिरतो. मुक्काम साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मागच्या उन्हाळ्यात सूनबाई आणि तीन वर्षांची नात त्याच्याबरोबर होती. दुपारी पत्रा असा तापला की पोरीला उलट्या सुरू झाल्या, ताप चढला, दोन दिवस सलाइन लावावे लागले. ज्या बंगल्यात हा मार्बल बसवत होता, त्याच्या सावलीत पोरीला निजवायची मात्र परवानगी नव्हती.

"मामा, आता टेंपोवरच खोली बांधतो," तो म्हणाला.

मी म्हटले, "पत्र्याची? म्हणजे शेडलाच चाके लावलीस की!"

पण त्याच्या डोक्यात वेगळेच होते. हर्णै बंदरावर मासळी नेणाऱ्या गाड्या त्याने पाहिल्या होत्या. बाहेर रणरणते ऊन आणि आत बर्फ शाबूत. त्या पेटीच्या भिंती पोकळ नसतात. दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये फेस घट्ट बसवलेला असतो. त्याला पफ म्हणतात. आपल्या फ्रिजच्या भिंतीतही तोच असतो. दोन इंच पफ जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला लाकूड दहा इंच जाड लागेल आणि विटांची भिंत चार-पाच फूट. नुसता पत्रा काहीच अडवत नाही.

मजबुतीचेही तसेच. पातळ पत्रा हाताने वाकतो. पण दोन पत्रे मधल्या फेसाला पक्के चिकटले की वाकताना एकाला ताणावे लागते आणि दुसऱ्याला दबावे लागते, म्हणून ते सहज वाकत नाहीत. गर्डरचे वरचे-खालचे पाते हेच काम करते.

मी कारकून माणूस, आधी कागद-पेन्सिल घेतली. हौदा सात फूट लांब, जवळजवळ पाच फूट रुंद. उंची पाच फूट धरली तर सहा बाजू मिळून १९० चौरस फूट. दीड मिलिमीटरचा लोखंडी पत्रा वापरला तर पत्राच दोनशे किलोवर जातो, अँगल वेगळे. दोन इंची पफ पॅनल, दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर पत्रा असलेले, साधारण पावणेदोनशे किलोत बसते आणि त्याला सांगाडा जवळजवळ लागतच नाही. गाडीची ताकद पाऊण टनाच्या आसपास. म्हणजे फळी, गादी, पाण्याचा कॅन धरूनही हत्यारांना चारशे किलोच्या वर उरतात. हिशोब जमला.

पहिला प्रयत्न मात्र फसला. पैसे वाचवायला त्याने थर्माकोल आणला आणि होड्यांना लावतात ते फायबरचे रेझिन त्यावर फासले. बघता बघता थर्माकोलला खड्डे पडले, मग तो विरघळूनच गेला. त्या रेझिनमध्ये स्टायरीन नावाचे द्रव्य असते आणि थर्माकोलही स्टायरीनचाच बनलेला. थर्माकोलवर इपॉक्सी चालते, पण ते महाग. पफला साध्या रेझिनने काही होत नाही. दीड हजार रुपये पाण्यात गेले. आक्का आठ दिवस त्याच्याशी बोलत नव्हती!

शेवटी मोडीत निघालेल्या शीतगृहाची पॅनल भंगारात मिळाली. सांधे सीलंटने भरून आतून-बाहेरून अॅल्युमिनियमच्या पट्ट्या रिपिट केल्या. आतली पट्टी बाहेरच्या पट्टीला कुठे टेकू दिली नाही, कारण धातू धातूला लागला की तिथून उष्णता आत येते. बिजागरीच्या जागी फेस कोरून लाकडी ठोकळा बसवला, कारण फेसात स्क्रू धरत नाही. कापलेल्या कडांना लगेच रंग दिला. मुरूडच्या खाऱ्या वाऱ्यात उघडा पत्रा महिनाभरही धड राहत नाही. छप्पर पांढरे.

आता दोन गोष्टी, ज्यांसाठी मी हे लिहायला बसलो.

पहिली हवेची. अशी पेटी बंद केली की डब्यासारखी बंद होते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृत सापडली. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. त्या वायूला वास नसतो. म्हणून आत स्टोव्ह नको, शेगडी नको, कासवछापही नको. पफ पेटला तर त्याचा धूर विषारी असतो. भाच्याने एक झरोका खाली आणि एक समोरच्या भिंतीला वर ठेवला आहे, दोन्हींना जाळी, आणि ते बंद करायची सोयच ठेवली नाही. दाराची कडी आतूनही उघडते. जुन्या शीतगृहाची कडी तशीच लावली असती तर?

दुसरी कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीत लिहिलेली गाडी परस्पर बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितले. म्हणून ही खोली गाडीला जोडलेली नाही. चार पाय आहेत, जॅकने उचलून खाली ठेवता येते. प्रवासात ती पट्ट्यांनी बांधलेला माल. तरी त्याला आरटीओत विचारून यायला लावले. तुम्हीही आधी विचारा.

आणि चालत्या गाडीत मागे कोणी बसायचे नाही. आपल्याकडे लग्नाला, मेळाव्याला माणसे सर्रास हौद्यात भरून नेतात. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस सोडला, तर मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशाची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल आहे. अपघात झाला तर गाडीमालक कर्जात आणि मेलेल्याचे घर उघड्यावर. भाच्याच्या बाजूला सूनबाई बसते, मांडीवर पोरगी. आक्काला यायचे असेल तर ती एसटीने येते.

मे महिन्यात दुपारी दोन वाजता मी आत बसून पाहिले. पंखा बॅटरीवर. गारवा नव्हे, पण कडुलिंबाखाली बसल्यासारखे वाटले. बाहेर टेंपोच्या केबिनला हात लावला तर चटका बसला. नात फळीवर गाढ झोपली होती.

ज्यांना मापे हवी असतील त्यांनी साप्ताहिकाच्या पत्त्यावर पत्र टाकावे. भाचा कागदावर काढून देईल. मात्र गणपतीपर्यंत त्याला कामातून सवड नाही.